आमच्या काँक्रीटमध्ये हायड्रोजन नाही

काँक्रीट ओतणाऱ्या माणसाला त्यात काय काय आहे हा प्रश्न पडत नाही. काँक्रीट टाइप करणाऱ्याला त्यावाचून दुसरा प्रश्न पडत नाही. मी टाइप करणाऱ्यांपैकी. असाही एक पोटापाण्याचा धंदा असतो हे आमच्या सोसायटीत कुणाला पटत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंना समजावून सांगायला जावं तर वाटीतला मठ्ठा संपतो, विषय संपत नाही.

तर थोडक्यात असं. पेट स्कॅन करायचा तर बहुतेक वेळा फ्लोरिन-१८ हे किरणोत्सर्गी द्रव्य लागतं. ते ११० मिनिटांत निम्मं होतं. म्हणजे मुंबईत बनवून पुण्याला पाठवलं आणि गाडी घाटात अडकली, की माल निम्मा पोचतो. टोल मात्र पुरा भरावा लागतो. म्हणून मोठ्या शहरांत हल्ली आपापला सायक्लोट्रॉन बसवतात. हे यंत्र प्रोटॉनचा झोत एका खास पाण्यावर मारतं. त्यातून फ्लोरिन तयार होतं आणि सोबत न्यूट्रॉनही सुटतात, जे कुणीही मागवलेले नसतात. त्यांना आतल्या आत जिरवायला दोन-दोन मीटर जाडीच्या भिंती लागतात. भिंत नेमकी किती जाड हवी ते आधी संगणकावर काढायचं. तिथे मी.

या कामाला आम्ही जो प्रोग्रॅम वापरतो त्याचं नाव एमसीएनपी. अमेरिकेतल्या लॉस अलामॉसचा, म्हणजे अणुबॉम्बवाल्यांच्या घरचा. १९७७ पासून या नावाने नांदतो आहे आणि इनपुट फाइल उघडली की आपणही १९७७ सालीच जाऊन बसतो. चित्र नाही, बटण नाही, नुसत्या ओळी. ओळीला अजून ‘कार्ड’ म्हणतात, कारण एके काळी ती खरोखरच भोकं पाडलेली कार्डं होती. ओळ फार लांबलेली चालत नाही. दोन विभागांच्या मध्ये एक कोरी ओळ सोडावी लागते, आणि ती भलतीकडे सुटली तर हा गृहस्थ तो विभाग तिथेच संपला असं धरून चालतो. फारच बिनसलं की ‘बॅड ट्रबल’ एवढं लिहून मान टाकतो. आमच्या ऑफिसात हे दोन शब्द सासरच्या मंडळींबद्दलही वापरले जातात.

पद्धत मात्र मोठी गमतीची आहे. स्टॅनिस्लॉ उलाम नावाचे गणिती १९४६ साली आजारातून उठत होते आणि अंथरुणात पडल्या पडल्या पत्त्यांचा पेशन्स लावत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढणं फार किचकट होत होतं. त्यापेक्षा शंभर डाव लावावेत आणि किती सुटतात ते मोजावं, असं त्यांच्या मनात आलं. न्यूट्रॉनचंही आज तेच करतात. एकेक न्यूट्रॉन सोडायचा. तो कुठवर जाईल, कुठल्या अणूवर धडकेल, धडकून उडेल की गिळला जाईल, सगळं फासे टाकून ठरवायचं. एक झाला की दुसरा. असे कोट्यवधी.

आता ‘कुठल्या अणूवर’ याचा फासा टाकायचा तर भिंतीत कोण किती आहे याची यादी हवी. ‘काँक्रीट’ म्हटलेलं प्रोग्रॅमला कळत नाही. त्याला घटक हवेत, एकेक नावानिशी; आणि नाव म्हणजे नंबर. अणुक्रमांकाला हजाराने गुणायचं, त्यात अणुवस्तुमानांक मिळवायचा. हायड्रोजन १००१, ऑक्सिजन ८०१६, युरेनियम-२३५ म्हणजे ९२२३५. नंबरापुढे त्याचा वाटा लिहायचा. झाला पदार्थ तयार. निदान वाटतं तरी तसं.

वाटा दोन रीतींनी सांगता येतो: अणूंच्या संख्येत किंवा वजनात. संख्येत सांगायचा तर आकडा साधा लिहायचा. वजनात सांगायचा तर आकड्यामागे उणे चिन्ह घालायचं. होय, वजन उणे. ज्या कुणाला हे सुचलं त्याने कार्डावरचा एखादा रकाना वाचवला असेल. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांची झोप गेली. पाणी घ्या. हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक, शाळकरी पोरालाही पाठ. पण दोन्ही आकड्यांमागे उणे पडलं की प्रोग्रॅम समजतो, दोन किलो हायड्रोजन आणि एक किलो ऑक्सिजन. खऱ्या पाण्यात वजनाने हायड्रोजन ११ टक्के असतो, या पाण्यात तो ६७ टक्के होतो. अणू मोजले तर एका ऑक्सिजनमागे ३२ हायड्रोजन. एच-टू-ओ नव्हे, एच-बत्तीस-ओ. असं पाणी अख्ख्या विश्वात नाही, पण प्रोग्रॅम ते खुशाल भरून घेतो आणि त्यात न्यूट्रॉन सोडतो. न्यूट्रॉनचा वेग मारायला हायड्रोजनसारखा दुसरा कुणी नाही, त्यामुळे उत्तर फार छान येतं. या धंद्यात उत्तर फार छान आलं की पोटात गोळा येतो.

घनतेचीही हीच तऱ्हा. उणे लिहिली तर घनसेंटिमीटरला इतके ग्रॅम. साधी लिहिली तर घनसेंटिमीटरला इतके अणू, आणि तेही एकावर चोवीस शून्यं या मापात. काँक्रीटची घनता २.३. उणे राहून गेलं की हीच भिंत अठ्ठावीस पट जड होते: घनसेंटिमीटरला सुमारे ६५ ग्रॅम. मूलद्रव्यांत सगळ्यांत घन ऑस्मियम, तेसुद्धा २२.६ वर थांबतं. म्हणजे ऑस्मियमच्या जवळजवळ तिप्पट जड भिंत पुण्याच्या काळ्या मातीवर उभी राहते. पाया खचत नाही, महापालिका हरकत घेत नाही, आणि पलीकडे एकही न्यूट्रॉन पोचत नाही. ऑफिसातली नवी मुलं ‘मॅडम, भिंत निम्मी केली तरी चालेल’ असं म्हणत उत्साहाने आली की मी उत्तर बघत नाही, चिन्ह बघते.

सगळ्या वाट्यांची बेरीज एक व्हावी अशी तरी सक्ती असावी की नाही? तीही नाही. तुम्ही लिहाल ते आकडे हा बेरजेने भागतो आणि स्वतःच एक करून घेतो. ऑक्सिजनचं दशांशचिन्ह एक घर सरकलं तर बाकीच्या सगळ्यांना बारीक करतो आणि पुढे चालू लागतो. भांडत नाही, रुसत नाही. मला भांडणारा परवडला असता.

नवे प्रोग्रॅम जरा माणसाळलेले आहेत. एमआयटीत सुरू झालेल्या ओपनएमसीमध्ये वाटा अणूंचा की वजनाचा हे अक्षरांत लिहायची सोय आहे, आणि दोन पदार्थ मिसळायचे तर आकारमानानेही मिसळता येतात. सर्नच्या जिअँट-फोरचं दुखणं वेगळं. त्याला निर्वात पोकळी चालत नाही. घनता शून्य लिहिलेली तो घेत नाही. म्हणून त्याच्याकडे ‘गॅलॅक्टिक’ नावाचा तयार पदार्थ आहे. त्यात अतिविरळ हायड्रोजन असतो. काही नाही असं सांगायलाही काहीतरी घालावं लागतं. सरकारी फॉर्ममध्ये आम्ही ‘निरंक’ लिहितो, ते यांना सुचलं नाही.

बरं, घटकांची नावं सांगून भागतं असंही नाही. प्रोग्रॅमच्या लेखी मिश्रण म्हणजे सगळे अणू एकमेकांत सारखे विखुरलेले. रेणू नाहीत, कण नाहीत, कुणाचं कुणाशी नातं नाही. वेगवान न्यूट्रॉनला त्याने फरक पडत नाही. तो मंदावला की मात्र पडतो. पाण्यातल्या हायड्रोजनला ऑक्सिजनने धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे तो मोकळ्या हायड्रोजनसारखा उधळत नाही. धडक बसली तर सगळा संसार हलतो. म्हणून पदार्थाच्या कार्डाखाली आणखी एक कार्ड लिहून कळवावं लागतं की हा हायड्रोजन पाण्यातला आहे, तो पॉलिथिलीनमधला आहे. ते कार्ड राहिलं तर प्रोग्रॅम सगळ्या हायड्रोजनला सडाफटिंग धरतो.

ओळखपत्रांचा घोळ तर विचारू नका. अमेरिशियम-२४२ हे अणुकेंद्रक दोन अवस्थांत सापडतं. एक मूळ अवस्था, १६ तासांत निम्मी होणारी. दुसरी उत्तेजित, निम्मी व्हायला १४१ वर्षं घेणारी. नियमाप्रमाणे साधा नंबर, म्हणजे ९५२४२, मूळ अवस्थेला मिळायला हवा आणि उत्तेजित अवस्थेला वाढीव, ९५६४२. एमसीएनपीत ते बरोबर उलटं आहे. जुन्या फाइलींत तसं होतं, सगळ्यांच्या हाताला तेच बसलं होतं, म्हणून पुढेही तसंच ठेवलं. आपल्याकडे नाही का, ऐंशी वर्षांच्या गृहस्थाला अख्खी आळी ‘बाळ’ म्हणते. आता कोण बदलणार?

कार्बनचं याच्या उलट. वर्षानुवर्षं त्याचा एकच एकत्रित नंबर होता, ६०००. २०१८ सालच्या अमेरिकन डेटा लायब्ररीत घरवाटणी झाली: कार्बन-१२ वेगळा, कार्बन-१३ वेगळा. ऑक्सिजन-१८चं दुःख त्याहून मोठं. त्याआधीच्या आवृत्तीत न्यूट्रॉनसाठी त्याची नोंदच नव्हती. निसर्गात तो जेमतेम ०.२ टक्के, म्हणून लोक त्याचा वाटा खुशाल ऑक्सिजन-१६च्या खात्यात टाकायचे. भिंतीपुरतं ते ठीक. पण सायक्लोट्रॉनमध्ये ज्या खास पाण्यावर प्रोटॉन मारतात, ते पाणी ऑक्सिजन-१८चंच असतं! फ्लोरिन त्याच्यापासून, न्यूट्रॉन त्याच्यापासून, भिंतीचा सगळा खटाटोप त्याच्यामुळे, अत्तरासारखं मोजून मापून वापरतात ते त्याला, आणि यादीत त्यालाच जागा नव्हती.

आता मूळ मुद्दा. काँक्रीटचे आकडे आणायचे कुठून? अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने पदार्थांची एक जाडजूड सूची छापली आहे. साडेतीनशेहून अधिक पदार्थ, प्रत्येकाचे घटक दशांशचिन्हापुढे सहा-सहा आकड्यांपर्यंत. हवा आहे, रक्त आहे, मेंदू आहे, पेट्रोल आहे, समुद्राचं पाणी आहे. आम्हा लोकांना ही सूची तोंडपाठ असते. घरातल्यांचे वाढदिवस नसतात.

त्यात काँक्रीट एक नाही, अनेक आहेत. लॉस अलामॉसचं काँक्रीट म्हणतं, माझ्यात हायड्रोजन वजनाने ०.४५३ टक्के. पोर्टलँड सिमेंटचं दुसरं काँक्रीट म्हणतं, माझ्यात १ टक्का. दुपटीहून जास्त फरक, आणि न्यूट्रॉन अडवण्याची अर्धीअधिक भिस्त याच हायड्रोजनवर! लॉस अलामॉसच्या यादीत सिलिकॉन ३६ टक्के आणि लोखंड जेमतेम १.४ टक्के, कारण त्यांची वाळू-खडी तिकडची, न्यू मेक्सिकोची. आमची खडी म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात सिलिका निम्म्याच्या आसपास आणि लोखंडाची ऑक्साइडं दहा टक्क्यांच्या वर. आणि नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून वाळूसुद्धा त्याच दगडाची, क्रशरमधून दळलेली. म्हणजे पुण्याच्या भिंतीत न्यू मेक्सिकोचं वाळवंट टाइप करून आम्ही सहाव्या दशांशापर्यंत अचूक उत्तर काढतो.

म्हणून म्हटलं, ज्याचं काँक्रीट त्यालाच विचारावं. ठेकेदाराला फोन लावला.

“दादा, तुमच्या काँक्रीटमध्ये हायड्रोजन किती असेल?”

पलीकडे शांतता. मग दुखावलेला आवाज आला. “मॅडम, इतकी वर्षं झाली या धंद्यात. हायड्रोजन-बियड्रोजन आपण टाकत नाही. कुठल्या पण लॅबमधनं चेक करून घ्या.”

“तसं नाही हो. पाण्यातून येतो तो.”

“पाणी टँकरचं आहे, पण गोडं आहे.”

“बरं, ओतल्यावर त्यातलं किती पाणी उडून जातं?”

“उडून कसं जाईल? गोणपाट टाकून रोज पाणी मारतोय ना. त्याला खास माणूस ठेवलाय.”

आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर क्यूब टेस्टचा रिपोर्ट आला. अठ्ठावीस दिवसांची ताकद, सही-शिक्क्यानिशी. काँक्रीटबद्दल काहीही विचारा, उत्तर क्यूब टेस्ट असतं. प्लांटवरच्या मुलाने मात्र न मागता बॅच रिपोर्ट पाठवला. सिमेंट, फ्लाय ॲश, वीस एमएम, दहा एमएम, क्रश सँड, पाणी, ॲडमिक्श्चर, सगळं किलोत. हा खरा सज्जन. घनमीटरला दीडशे ते पावणेदोनशे किलो पाणी धरलं तर हायड्रोजन पाऊण टक्क्याच्या आसपास निघतो. म्हणजे अमेरिकेच्या दोन्ही काँक्रीटांच्या बरोबर मध्ये. पण सगळं पाणी भिंतीत राहत नाही. काही सिमेंटशी बांधलं जातं, उरलेलं वर्षानुवर्षं सावकाश निघून जातं. गोणपाटवाला माणूस जन्मभर ठेवता येत नाही. म्हणून आम्ही कोरडी, कंजूष भिंत धरतो. जाडी थोडी वाढते, रात्री झोप लागते.

भिंतीत सळयाही असतात. त्या एकेक काढायच्या तर आयुष्य जाईल. म्हणून सळयांचं लोखंड भिंतीच्या वजनात मिळवून सगळीकडे सारखं पसरून टाकतात. आमच्याकडे याला ‘सळई विरघळवणं’ म्हणतात, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोर हा शब्द उच्चारू नये असा नियम आहे. भिंतीपुरतं हे खपतं. बोरॉनचे कण घातलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यात तेच केलं तर फसगत होते. बोरॉन न्यूट्रॉनचा खादाड, पण तो कणाकणांत बसलेला असतो आणि मोठ्या कणांच्या मधल्या फटींतून न्यूट्रॉन सटकतात. कागदावर विरघळवला की फटीच उरत नाहीत आणि पत्रा आहे त्याहून शूर ठरतो.

आणि हे सगळं ज्याच्यासाठी, तो भिंतीपलीकडे उभा असलेला माणूस? तोही मिश्रणच. किरणोत्सर्ग-मापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या हिशेबात माणसाचं मांस म्हणजे ऑक्सिजन ७६.२ टक्के, कार्बन ११.१, हायड्रोजन १०.१, नायट्रोजन २.६. बेरीज बरोबर शंभर. हाडाला कॅल्शियम नाही, रक्ताला लोह नाही. आकार? तीस सेंटिमीटर व्यासाचा गोळा. हातपाय नाहीत. भिंतीबाहेरचा डोस आम्ही ज्या राशीत मोजतो तिची व्याख्या याच गोळ्यात, पृष्ठभागापासून दहा मिलिमीटर आत, करून ठेवलेली आहे. सायक्लोट्रॉनशेजारच्या खोलीत बसणारे टेक्निशियन चांगले सहा फुटी आहेत. त्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

खरं तर पदार्थाची यादी स्वतः बसून लिहिणारे विरळाच. बाकी सगळ्यांना ती वारशाने मिळते. कुणाच्या तरी पीएचडीतलं काँक्रीट त्याच्या विद्यार्थ्याकडे, तिथून त्याच्या नोकरीत, तिथून आमच्याकडे. ओळीच्या शेवटी डॉलरचं चिन्ह टाकलं की पुढचं सगळं प्रोग्रॅम वाचत नाही, ते माणसांसाठी. आमच्याकडच्या एका काँक्रीटपुढे इंग्रजीत शेरा आहे: ‘नंतर तपासणे’. कुणी लिहिला, कधी लिहिला, ‘नंतर’ म्हणजे केव्हा, काही कळायला मार्ग नाही. शेरा कुणी पुसतही नाही. पुसला तर तपासायची जबाबदारी आपल्यावर येईल.

तपासायचं म्हटलं तर खरी गंमत यादीत नसलेल्यांची आहे. भिंतीत न्यूट्रॉन वर्षानुवर्षं शिरत राहतात. यंत्र म्हातारं होऊन भंगारात काढायची वेळ येते तेव्हा भिंत स्वतःच थोडी किरणोत्सर्गी झालेली असते. कुणामुळे? ऑक्सिजन, सिलिकॉन, कॅल्शियम ही यादीतली बडी मंडळी त्यात फारशी नसतात. असतो युरोपियम, दशलक्षात एखादा भाग. आणि कोबाल्ट, तोही चिमूटभर, खडीत आणि सळईत. युरोपियम-१५२ निम्मा व्हायला साडेतेरा वर्षं घेतो, कोबाल्ट-६० सव्वापाच. सहा दशांशांच्या त्या यादीत दोघांचंही नाव नसतं. प्रोग्रॅमला नाव सांगितलं नाही तर त्याच्या लेखी ते जन्मलेलेच नाहीत, आणि वीस वर्षांनी भिंत फोडायला येणाऱ्या माणसाला हिशेब त्यांचाच द्यावा लागतो.

तेव्हा या वेळी ठरवलं, आकडे उसने आणायचे नाहीत. आपल्याच खडीचं लॅबमध्ये पृथक्करण करून घ्यायचं. ठेकेदाराला सांगितलं, प्लांटवरची किलोभर खडी पाठवा, जशी आहे तशी. दोन दिवसांनी तो स्वतः आला. हातात मिठाईचं खोकं. उघडलं तर आत धुऊन, वाळवून, एकसारखे निवडलेले काळेभोर खडे, खाली वर्तमानपत्र घालून नीट रचलेले. अशी देखणी खडी मी जन्मात पाहिली नव्हती.

“दादा, ही आपल्या भिंतीतलीच ना?”

“छे हो मॅडम,” तो म्हणाला, “ती लई धुळकट असते. लॅबला तसली कशी द्यायची? ही दुसऱ्या खाणीवरनं मुद्दाम आणली.”